पारा सांडलेल्या घरात झाडू मारायचा न्हाई

...आन मंग काय विचारून राह्यल्या तुम्ही, आजी यंदा ज्येष्ठेच्या गळ्यात पोत काहून न्हाई, नुसती शेवंतीची माळ काहून... सांगते, सगळं सांगते, पण आधी टेका जरा, कपाळ पुढं करा, कुंकू लावते, आन त्या कोपऱ्यातल्या बंद खोलीकडं कुणी जाऊ नका. आन कुणाच्या मनात आलं असंल की म्हातारीच्या घरात एवढा कचरा, चला जरा हात फिरवून देऊ, तर तेही नको. झाडू मारायचा न्हाई. काल सकाळपासून या घरात एवढा एकच मंत्र चालू हाय.

आता तुम्हीच सांगा, महालक्ष्म्या घरात यायच्या आन घर झाडायचं न्हाई, हे कुठल्या मुलखातलं शास्त्र? लगीन करून या जुन्या जालन्यात आले तवापासून दिवस उगवायच्या आधी माझ्या हातात झाडू असतो, बाळंतपणात सव्वा महिना तेवढा सुटला, तर हात नुसते शिवशिव करून राह्यले होते. आन काल माझीच नातसून, अर्पिता, शाळेत विज्ञान शिकवती ती, कोपऱ्यातला झाडू उचलते आन खुशाल त्याच्यावर बसते. बसते! लक्ष्मीवर! आन वरून मलाच म्हणती, "आजी, तुम्ही हलू नका."

झालं काय, तुम्हाला सांगते, पणतीचं अंग कोमट लागलं. चिमीचं. रांगती हाय, दिवसभर फरशीवर, सापडलं ते तोंडात. घरात ते टीं टीं करणारं यंत्र हाय, ते एकदा लावलं तर ताप हाय म्हणलं, पुन्हा लावलं तर न्हाई म्हणलं. असल्या दुतोंड्यावर कुणी भरवसा ठेवायचा? मी आपली आमच्या वेळची ताप बघायची काचेची नळी काढली ट्रंकेतून. ती खोटं बोलत न्हाई. लावायच्या आधी झटकावी लागती, ते काय मला शिकवावं लागतं? झटकली. आन महालक्ष्म्या उभ्या करायचं लोखंडी स्टँड मच्छिंद्रानं, माझ्या लेकानं, नेमकं माझ्या हाताशी आणून ठेवलेलं... टण्ण.

आन पारा खाली.

पाहिलाय का कधी पारा? चांदीचं पाणी, पण ओलं न्हाई. बोट लावलं की एकाचे चार, चाराचे चाळीस, आन सगळे पळतेत, जसं काय त्यांना कुणाचं देणं लागतं. एक मणी तेवढा ज्वारीच्या दाण्याएवढा टपोरा राह्यला. आता माझी सासू गव्हाच्या कोठीत पाऱ्याच्या गोळ्या टाकायची, कीड लागत न्हाई म्हणून. माझ्या मनात काय आलं, एवढा चांगला पारा वाया कशाला घालवायचा? पूजेला नागवेलीची पानं आणलेली होती, एका पानावर तो दाणा अलगद घेतला, पदराच्या टोकात सोडला, आन घट्ट गाठ मारली. बाईमाणसाची तिजोरी तिथंच असती. मंग बाकीचे बारके गोळा करायला झाडू उचलला, एक हात मारला असंल नसंल, तेवढ्यात अर्पिता दारात.

"आजी, झाडू मारायचा न्हाई!"

मी म्हणलं, मंग काय मारायचं? तर म्हणती, झाडूनं पारा फुटतो, बारीक होऊन सगळीकडं जातो, त्याची वाफ होती, ती दिसत न्हाई, वास येत न्हाई, आन आपली चिमी हितंच रांगती. चिमीचं नाव आलं तसा मी झाडू कोपऱ्यात ठेवला. मी काय वैरीण हाय का पणतीची? अर्पितानं झटक्यात पोरीला शेजारच्या तृप्तीकडं धाडलं, खिडक्या उघडल्या, पंखा बंद, आतलं दार बंद. आन मंग म्हणती, "आजी, गळ्यातली पोत काढा आधी, सोन्याला पाऱ्याजवळ आणायचं न्हाई, लांब ठेवा."

आता या पोतीचं तुम्हाला ठाऊक हाय. सासूनं ज्येष्ठेसाठी केलेली, सोन्याच्या मण्यांची, वर्षभर माझ्याकडं राहती, महालक्ष्म्यांच्या दिवशी तिच्या गळ्यात जाती. आन माझी धाकटी जाऊ, कौसल्या, अंकुशनगरला राहती ती, दर वर्षी हितं येऊन पुरणपोळीचा पहिला घास घ्यायच्या आधी म्हणती, "जाऊबाई, तुमचं वय झालं, आता पोत माझ्याकडं देत जा." मागल्या साली माझं डोकं फिरलं. साऱ्या पंगतीसमोर म्हणलं, माझ्या हातून या पोतीचं जरा काही झालं तर घेऊन जा, मी तोंडातून चकार शब्द काढणार न्हाई. तर ही पोत, आन सणाचं घर, पन्नास माणसं येणार, ती उघड्यावर ठेवू? लांब ठेवा म्हणली, माझ्यापासून लांब कुठं ठेवू? काढली गळ्यातून आन ठेवली माझ्या तिजोरीत. पदराच्या गाठीत. गाठ सोडली, पोत सारली, गाठ मारली. हात आपला आपण काम करतो, डोक्याला कुठं विचारतो?

मंग काय विचारता, तमाशा. माझा साठीला टेकलेला लेक फरशीवर पालथा, हातात बॅटरी. उजेड आडवा टाकला की पारा चमकतो म्हणे. "माय, पलंगाखाली चार हायेत." अर्पिता म्हणती कडक पुठ्ठा पाहिजे, तर मच्छिंद्रानं कपाटावरच्या लग्नपत्रिका काढल्या. त्यातली सगळ्यात कडक कुणाची निघावी? कौसल्येच्या नातवाची, पप्पूची. मखमल लावलेली, वर सोनेरी गणपती. पप्पूच्या लग्नानं पारा लोटायचा आन दुसऱ्या एका लग्नावर घ्यायचा, तिथून लोणच्याच्या बरणीत, थोड्या पाण्यात. राह्यलेले बारीक चिकटपट्टीनं टिपायचे. आन मी खुर्चीवर, पाय वर घेऊन. फरशीवर फुलाच्या पाकळ्या, कापूस, अक्षता, सगळं माझ्याकडं बघून राह्यलेलं. मी म्हणलं, अगं त्या कोपऱ्यात तर पारा गेला न्हाई, तेवढा कोपरा तरी... "आजी, झाडू मारायचा न्हाई." बराबर हाय बाई, तुझंच बराबर.

मंग म्हणती, "आजी, नळी तुमच्या हातात फुटली, लुगडं बदला." मी म्हणलं, बिलकुल न्हाई. लुगड्यात माझी तिजोरी. "मंग निदान बाहेर या." तेही न्हाई, कारण बाहेर गेले की हे दोघं महालक्ष्म्यांची जागा बदलणार, माझ्या कानावर आल्तं, टीव्हीखाली मांडायचं चाललं होतं. अशी मी अडून बसले. आन दार ढकलून आत कोण? कौसल्या. मुहूर्ताच्या आधी, सगळ्यांच्या आधी, पिशवी खांद्यावर.

"काय वो जाऊबाई, सणाच्या दिवशी मच्छिंद्र फरशी चाटून राह्यला काय?" आन मंग खाली बघती, "हे तर आमच्या पप्पूचं..." मी म्हणलं, आता पप्पू नको, विषय बदलावा. म्हणलं, कौसल्ये, आलीस बरी, ही बघ पोत, कशी सांभाळली मी, जरासुद्धा... आन गाठ सोडली.

पोत बाहेर आली. मधले मणी पांढरे. पिठूर चांदण्यासारखे पांढरे. आन तिच्या मागून टप्पकन उरलेला पारा खाली, आन पुन्हा चाळीस. ज्येष्ठेचं सोनं माझ्या गाठीत रुपं झालं. आन कौसल्या, सवयीची बाई, घाण दिसली की हात जातोच, सरळ झाडूकडं वाकली, आन तुम्हाला सांगते, घरातलं सगळ्यात मोठ्या आवाजात कोण वरडलं असंल?

मी. "कौसल्ये, झाडू मारायचा न्हाई!"

अर्पितानं माझ्याकडं असं पाह्यलं... जाऊ द्या.

मंग आपल्या गल्लीतल्या बन्सीलाल सराफाला फोन. तो म्हणतो, "काकीजी, सोना पारा पी लेता है. घरी गॅसवर बिलकुल ठेवू नका, त्याचा धूर लई खराब. बंद करून ठेवा, पूजा झाली की आणा, मी पहल्यासारखी करून देतो." तवा जीवात जीव आला. पोत गेली लोणच्याच्या दुसऱ्या बरणीत, वरून झाकण. लुगडं गेलं पिशवीत. दुसरं लुगडं? ते त्या खोलीतल्या कपाटात, आन खोली बंद. म्हणून काल ज्येष्ठा-कनिष्ठेला मी उंबऱ्यातून आत आणलं ते अर्पिताच्या गाऊनवर. पोपट हायेत त्याच्यावर. डोक्यावर टॉवेल घेतला, रिकाम्या डोक्यानं कसं आणायचं? मुखवटा हातात, पुढं कुंकवाची पावलं, आन आतून कौसल्या विचारती, "लक्ष्मी आली का?" मी म्हणते, आली, सोन्यारुप्याच्या पावलानं आली. तर ही म्हणती, "सोन्याच्या का रुप्याच्या, जाऊबाई, नीट बघून सांगा."

आन मांडल्या शेवटी टीव्हीखालीच. चेहरे बघा, हसून राह्यल्या का न्हाई? मला हसत असतेत.

रात्री जेवणं झाल्यावर मीच विषय काढला. शब्द म्हंजे शब्द. म्हणलं, कौसल्ये, घेऊन जा बरणी, मी तोंडातून चकार शब्द काढणार न्हाई. तर ती पान लावता लावता म्हणती, "छे, पांढरी कशाला नेऊ? बन्सीलालनं पिवळी केली की नेते. तवर मला काही घाई न्हाई, राहते मी हितंच."

ती काय, बसली बघा पंख्याखाली, पाय पसरून. उद्या महालक्ष्म्या जातील. ही न्हाई जायची. आन अर्पिता आज सकाळी काय म्हणली ठाऊक हाय का? म्हणली, "आजी, आता बाहेरच्या खोलीत खुशाल झाडा." झाडू हातात दिला माझ्या. एका दिवसानं हातात आला. उचलला, वाकले... आन कौसल्या समोर.

पाव्हणी घरात बसलेली असताना काय करायचं नसतं, सांगा बरं?

झाडू मारायचा न्हाई.