लाल शालीच्या चिंध्या

हो, माझ्याच आहेत त्या चिंध्या. पिशवी टेबलावर नका ठेवू, बाकाखाली सरकवा — आमच्या हिच्या नजरेस पडली तर आपल्या दोघांचीही धडगत नाही. बसा. चहा टाकतो. घ्या हो, दिवसभर डोंगर तुडवून आलात. बुटांचं राहू द्या, फरशी पुसायला मीच आहे. नाही, रागावलो नाही मी. तुम्हाला काय माहीत? उद्याच्या शर्यतीची आखणी तुमची. नकाशा नि होकायंत्र घेऊन ज्यानं त्यानं आपली वाट शोधायची, तुमची निशाणं हुडकत हुडकत धावायचं — असंच ना? मग झुडपाझुडपाला लाल चिंधी दिसली की पोरं तिच्यामागंच पळणार. काढल्यात ते बरोबर केलंत. तुम्ही अख्खा डोंगर पालथा घालून माणसं चुकतील अशा जागा शोधल्यात, आणि मी एक बाई चुकू नये म्हणून — असो. साखर किती?

आता विचारलंतच म्हणून सांगतो. आमची ही, बायको माझी, रोज दुपारचं जेवण झालं की मेंढ्या आणायला वर जाते. मेंढ्या नाहीत. कधीच्याच गेल्या. पण तिला तसं सांगितलं की रडते, उद्या परत सांगायचं, परत रडायची — मग मीच म्हटलं, जाऊ दे, चालते तेवढी चालू दे. जाताना चुकत नाही हो. जाताना पाय आपोआप जातात. वर ते मेंढ्या कोंडायचं पडकं दगडी कुंपण आहे ना, तिथवर जाते, आत डोकावते, आणि मागं वळली की सगळं पुसलं जातं — कुठून आलो, कुठं जायचं. म्हणून तिची शाल फाडली मी. आधी साधी फडकी बांधून पाहिली, तर तिनं ढुंकून बघितलं नाही. कशाला बघेल? खुणा-बिणा कळत नाहीत तिला. पण स्वतःची शाल बरोबर ओळखते. एक तुकडा दिसला की तणतणत जाते त्याच्यापाशी — कुठल्या मेल्यानं माझी शाल फाडली — तिथून खालचा दिसतो, तिथं आणखी चार शिव्या, असं करत करत दारात येते आणि उरलेल्या मला घालते. रोज. मी म्हणतो, कुत्र्यानं फाडली गं. तर म्हणते, आपल्याकडे कुत्रा कुठाय? बघा, ते मात्र ध्यानात आहे. शिव्या ऐकू आल्या की मी जेवण गरम करायला ठेवतो. हसा, हसा. मलाही हसू येतं, पण तोंड फिरवून हसावं लागतं.

परत बांधून देता? मन चांगलं आहे तुमचं. मला नाही आता चढवत, गुडघे कामातून गेले. पण तुम्ही म्हणता शर्यत झाल्यावर. आणि तोवर? तुमची निशाणं तर आजच लावून झाली ना — नारिंगी-पांढरी. नारिंगी म्हणजे लांबून तिच्या डोळ्यांना लालच ते, शालीचाच तुकडा वाटणार. दाखवा बरं नकाशा. वाचता येत नाही मला, बोट ठेवून दाखवा. हे आमचं घर? एवढंसं? आणि हे कुंपण. मग हे निशाण — हे ओढ्याच्या घळीत उतरून आहे का? वरून दिसतं? कडेला आलं की दिसतं. तेवढं एक हलवता आलं तर — छापून झाले नकाशे. हां. छापून झाल्यावर तुम्ही तरी काय करणार.

कडी? लावली होती एकदा. दिवसभर दाराशी उभी राहून मला म्हणत होती, अहो दादा, मला घरी जाऊ द्या, माझा नवरा वाट बघत असेल. मला म्हणत होती. पुन्हा नाही लावली.

नको नको, डोंगरात हरवलेल्यांना शोधतात त्या दोरवाल्यांना नका सांगून ठेवू. तेवढं करू नका. माणसं देवासारखी आहेत, मागच्या थंडीत त्यांनीच शोधून आणली तिला. पण त्यांनी मुलाला फोन केला. मुलगा वाईट नाही हो. शहरात एक जागा बघून ठेवलीय त्यानं, म्हाताऱ्या माणसांसाठी असते तसली, स्वच्छ आहे, खिडकीत कुंड्या आहेत. म्हणाला, बाबा, आणखी एकदा हरवली की मी तुम्हाला विचारणार नाही. एकटीपुरतीच जागा आहे तिथं. मी नाही त्यात. तिला सकाळी केस विंचरताना कुणी घाई केली की ती — ते जाऊ द्या.

आज आहे ना आत. जेवल्यावर डोळा लागला तिचा, म्हणून तर मी तुमच्याशी असा निवांत —

कोण बाई? तुम्ही उतरत होतात तेव्हा? दुसरी कुणी असेल. येतात लोक फिरायला. कुंपणापाशी? हिरवा स्वेटर — उलटा घातलेला का? शिवण बाहेर? हसली तुमच्याकडे बघून. काय म्हणाली? मेंढ्या दिसल्या का म्हणाली. आणि तुम्ही काय सांगितलंत — नाही म्हणालात. बरोबर, दुसरं काय सांगणार. बसा, मी जरा आत बघून येतो.

अंथरूण गार आहे. मागचं दार नुसतं लोटलेलं.

नाही, तुम्ही एकटे नका धावू. बघा, धुकं कुठवर आलंय, तुम्हालाच शोधावं लागेल मग. फोन आहे ना खिशात? लावा. हो, त्यांनाच, दोरवाल्यांना. आधी घळीकडे जा म्हणावं. आणि नावानं हाक मारू नका म्हणावं, नावाला ओ देत नाही ती — मेंढ्या सापडल्या असं ओरडा, म्हणजे येईल. मुलाचा नंबर नाही विचारणार ते. आहे त्यांच्याकडे. लावा तुम्ही.