एका कापडात दोन सदरे

ताई : सुई? पुन्हा सांग. कुठून शिरली, कुठे निघाली?

भाऊ : काज करताना अंगठ्यातून शिरली, ताई. तिथून कोपर, कोपरातून खांदा, छातीला वळसा घातला, रक्तात जंतू सोडले आणि सकाळी पायाच्या करंगळीतून बाहेर! दोऱ्यासकट.

ताई : दोऱ्याला गाठ मारलेली होती का? गप्प बस! हाताला सलाईन, अंगात ताप, तरी जिभेला लगाम नाही. डॉक्टर काय म्हणाले? एचआयव्हीचं औषध नीट पोटात जात असतं, तर हे जंतू रक्तात असे मोकाट सुटले नसते. गोळ्या सोडल्यास?

भाऊ : एक दिवस चुकलो नाही. आईशपथ.

ताई : मग उशीखाली हे काय? अर्धी गोळी! शिंपीदादा, ही तुमच्याच कात्रीची करामत ना?

बायको : ताई, त्यांना बोलू नका. उरलेली अर्धी मी घेते.

ताई : तू?

बायको : लागण मलाही आहे. कळलं तेव्हा मशीनखाली बसून रडले. हे म्हणाले, रडू नकोस, माझ्यातलं तुला बसवतो.

ताई : बसवतो! अरे, उरलेल्या कापडात झबलं बसतं, माणूस कसा बसवलास? अर्ध्या गोळीने ना तुला गुण, ना हिला! तुला गोळ्या मिळतात त्या सरकारी दवाखान्यातच हिला वेगळ्या मिळाल्या असत्या.

बायको : तिथे गोळ्यांच्या खिडकीवर माझ्या मावशीची सून बसते. संध्याकाळपर्यंत माहेरभर झालं असतं.

ताई : आणि हा गेला असता, ते माहेरी कोण सांगणार होतं?

भाऊ : तिच्यावर ओरडू नकोस. डोकं माझं चाललं.

ताई : चाललं? पार फिरलं! गल्लीला सुईच्या गोष्टी सांगतोस, आणि सख्ख्या बहिणीला खरं सांगताना दातखीळ बसते?

भाऊ : तू चिडली असतीस.

ताई : चिडलेच असते! घर डोक्यावर घेतलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी हिला हाताला धरून नेलं असतं. तुला कुणी नेलं होतं?

(ताई त्याच्या पिशवीतली कात्री काढून स्वतःच्या पिशवीत टाकते.)

भाऊ : अगं, दुकानाची कात्री आहे ती!

ताई : बरा हो, मग माग. तू ऊठ गं. तोंड धू, चप्पल घाल.

बायको : आत्ता? ताई, तिने खिडकीतून विचारलं, कुणासाठी, तर?

ताई : स्वतःचं नाव सांग. पूर्ण.