हेमकांतभाऊंची पीस लिली

...आणि गोमूत्र! तेही बैठकीत, सोफ्याशेजारी, पाच लिटरचा कॅन! तुम्हाला सांगतो, झाडाला एक पिवळं पान आलं की शहाद्यात जेवढी माणसं तेवढे डॉक्टर निघतात, आणि फी घेत नाहीत हाच खरा वैताग, घेतली असती तर निदान एखाद्याला नको तरी म्हणता आलं असतं... हेमकांतभाऊंना तेही जमेना. माणूस तीस वर्षं माती तपासणीच्या लॅबमध्ये, अर्ध्या तालुक्याला नत्र-स्फुरद-पालाश लिहून दिलेलं, आणि आता निवृत्त होऊन घरातल्या एका पीस लिलीपुढे मांडी घालून बसलाय आणि विचारतोय काय, तर "काय कमी शे तुले?"

झाड चारुलतावहिनींचं. सुरतच्या बहिणीकडून आणलेलं, बैठकीत पांढरीशुभ्र फुलं यायची. भाऊंनी एकदा चिमूटभर युरिया टाकायला हात पुढे केला, तर वहिनी कशा कडाडल्या, "शेतमा काय करनं ते करा, मन्हा घरमा युरिया नको!" शेणखत, निंबोळी पेंड, तांदळाचं धुवण, बस्स. गेल्या जेठ महिन्यात वहिनी गेल्या. तापाचं निमित्त, चार दिवसांत सगळं आटोपलं, आणि घरात राहिलं कोण? भाऊ आणि ही कुंडी. मूलबाळ नाही. डबा बाहेरून येतो, घरात गॅस पेटतो तो फक्त चहापुरता. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, वहिनींच्या नावाची पहिली घागर भरायची आणि तिच्याजवळ त्यांच्याच झाडाचं एक फूल ठेवायचं, एवढंच भाऊंच्या मनात... फार मागितलं का हो?

आणि दिवाळीपासून पानं करपायला लागली!

बरं, रोगाचं निदान तरी सोपं का? खालची पानं पिवळी, म्हणजे नत्र कमी. शिरा हिरव्या आणि मधलं पिवळं, म्हणजे लोह. कडा जळाल्या, म्हणजे पालाश. इथे तर सगळंच! भाऊ भिंग लावून बघतात, वहीत लिहितात, खोडतात... "काय कमी शे तुले?" तेवढ्यात प्रकाशा गावाहून उखातात्या, "हेमकांत, गोमूत्र टाक, आठ दिनमा देख!" शेजारच्या धनुबाई केळीच्या साली भिजवलेलं पाणी घेऊन, "भो, केळीमा समदं ऱ्हास!" किराणावाले रतिलालशेठ तर ताकात लोखंडी खिळे बुडवून हजर! बैठकीत वास असा की बसवेना, खूश फक्त चिलटं.

पण माणसांची माया बघा. भेटायला येणारा प्रत्येक जण कुंडीशेजारच्याच खुर्चीवर बसायचा. अहो, त्या खुर्चीसाठी धडपड व्हायची! भाऊंचे डोळे भरून यायचे, चारूच्या झाडावर केवढा जीव सगळ्यांचा! मग आत जाऊन स्वतःच्या हातानं सगळ्यांना चहा टाकायचे.

मग माती का नाही तपासली, म्हणता? तीच तर गोम! दुसऱ्यांच्या शेतातली हजारो पाकिटं तपासली, पण ही वहिनींनी हातानं कालवलेली माती, तिला चमचा लावायचा जीव होईना. शेवटी चैत्रात लावला. पाण्यात ढवळली, क्षार मोजायचं मीटर बुडवलं, तर आकडा असा चढला की भाऊंनी मीटरच झटकून पाहिलं. कमी कशाचीच नाही, उलट मीठ झालंय, मीठ! गोमूत्र बंद, साली बंद, खिळे बंद. आठ दिवसांनी पुन्हा मोजलं... आणखी वाढलेलं! आता "काय कमी शे" राहिलं बाजूला, "कोन मीठ टाकस?"

दुसऱ्याच दिवशी दिसलं. चहा देऊन भाऊ आत गेले, बिस्किटं घेऊन वळले, तर रतिलालशेठ कप कुंडीत उपडा करून बोटानं वरची माती सारखी करताहेत!

"शेठ?"

शेठचा चेहरा उतरला. "भाऊ... चहामा मीठ ऱ्हास."

"कवयपासून?"

"पहिला दिनपासून. दहा महिना झायात. मी एकलाच नही, समदाच वततस. दुःखना घरमा चहाले नाव कसं ठेवू?"

होय, मीही ओतलाय, खोटं कशाला बोलू? बायको गेलेल्या माणसानं केलेला चहा, नको म्हणवत नाही, पिववत नाही, आणि कुंडी हाताशी... वहिनींचे दोन स्टीलचे डबे, एकाच मापाचे, एकात बारीक मीठ, एकात साखर. त्यांना न बघता कळायचं. शेठनी बोट बुडवून साखरेचा डबा ओळखून दिला. भाऊंनी कुंडी नळाखाली धरली, आकडा उतरेपर्यंत धुतली, आणि धुताना लहान मुलासारखे रडले.

झाड वाचलं, बरं का. आखाजीपर्यंत एक नवं पान आलं, हिरवंगार. फूल नाही आलं. भाऊंनी अख्खी कुंडीच नेऊन घागरीजवळ ठेवली. दुपारी सगळे जमले, भाऊंनी चहा केला, साखरेचा! धनुबाईंनी दुसरा कप मागितला, शेठनी बशी चाटायचीच बाकी ठेवली, "आज चहा झकास जमना, भाऊ!"

मग भाऊंनी आपला कप उचलला. तेव्हा कुठे आमच्या टाळक्यात उजेड पडला, की दहा महिने हा माणूसही तोच चहा पीत होता की हो, शेवटच्या थेंबापर्यंत! एक घोट घेतला. दुसरा घेतला. कप हळूच खाली ठेवून म्हणाले, "खरं सांगा शेठ, डबा बदलना का? माले तर तसाच लागस."