ताम्हणाला पडलेला पोचा

"पोरगी तोंडाने बोलत नाही, भांड्यांनी बोलते!" ...हे माझ्या कानांसाठी होतं होय? सासूबाई विद्युल्लताआत्यांना, म्हणजे माझ्या आतेसासूबाईंना, स्वयंपाकघरात कुजबुजत सांगत होत्या आणि मी दाराआड ओलं ताम्हण छातीशी धरून उभी! आता तुम्हीच सांगा, मी मुद्दाम आपटेन का? आईनं मिरजेहून लग्नात दिलेलं तांब्याचं ताम्हण, गच्चीच्या जिन्यावर हातातून निसटलं, प्रत्येक पायरीला नमस्कार करत खाली गेलं, आणि काठाला एक पोचा पडला. बस, एवढंच! पण आत्यांनी निकाल देऊन टाकला, "खंडित झालं गं! पूजेला चालायचं नाही. रविवारी गंगेत सोडून येऊ." सोडायचं? माझ्या आईचं ताम्हण? पण मी बोलले का? छे!

तुम्हाला सांगते, मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. आहे हो! खंडित काय असतं ते मला विचारा ना! मिठाचा खडा घ्या, ठोका द्या, चुरा! का? तर त्यात धन आणि ऋण कण आलटूनपालटून बसलेले, ओळ जराशी सरकली की धनासमोर धन, ऋणासमोर ऋण, जुंपलं भांडण, गेला तडा! पण तांबं? तांब्याचा अणू बाहेरचा इलेक्ट्रॉन स्वतःपाशी ठेवतच नाही, आणि मग हे मोकळे इलेक्ट्रॉन सगळ्या भांड्यात हिंडत असतात, आमच्या घरातल्या मोबाईलच्या चार्जरसारखे. कुणाचा म्हणून विचारायचं नाही, सगळ्यांचा! अणूंच्या ओळी सरकल्या तरी ही मोकळी गर्दी त्यांना धरूनच ठेवते. म्हणून तर धातू वाकतो, ठोकला की पत्रा होतो, ओढला की तार होते. वीज नेणारे हेच, उष्णता भराभर पोचवणारे हेच, आणि घासल्यावर ताम्हण लखलखतं तेही यांच्याच कृपेनं! सगळं अगदी ओठांवर आलं होतं. बोलले का? छे!

जेवताना सुश्रुतला, माझ्या नवऱ्याला, हळूच सांगितलं. म्हणाला, "अगं, मग आईला सांग ना!" म्हटलं, "तू सांग." तर म्हणे, "मी? मला केमिस्ट्रीत ग्रेसवर पास केलं होतं!" आणि आमटीत तोंड घातलं. संपलं! आता या माणसाच्या भरवशावर मी मिरज सोडून काशीत आले, आहे की नाही?

रविवारी सकाळी अख्खं घर नावेत! बाबा, म्हणजे सासरे, पुढे बसलेले, मांडीवर ताम्हण, त्याला हळदकुंकू, झेंडूची फुलं, जणू माझ्या आईचीच पाठवणी! मल्लाहानं काय झालं म्हणून विचारलं, "का भयल, पंडितजी?" तर आत्या फटकन म्हणाल्या, "टूट गया, भैया!" टूट गया? अहो, कुठे टूट गया? दाखवा, एक फट दाखवा! पण मी बोलले का? छे! मी पदराचं टोक पिळत बसले... बाबांनी मंत्र संपवला, हात पाण्यावर नेला, ताम्हण तिरपं झालं, फुलं गेली, आता तेही जाणार, आणि मी...

बोलले! अशी ओरडले की नाव डुलली, मल्लाह वल्हं मारायचं विसरला, "अरे, दुलहिन त बोलत हईं!" सासूबाईंनी आत्यांचा हात गच्च धरला. मीठ, ओळी, इलेक्ट्रॉन, चार्जर, सगळं एका दमात! ताम्हण वाचलं, ते आधीच सांगून टाकते. बाबांनी पोचा काढून आणला, आता रोज त्यातच संध्या करतात. पण धाप लागल्यावर शेवटी जे माझ्या तोंडून निघालं ना, ते आता आमचा अख्खा दुर्गाघाट मलाच ऐकवतो. काय करणार? बोलले तर बोलले:

"बाबा, ते तुटलेलं नाही हो, नुसत्या ओळी सरकल्यात! आणि पोचा पडला म्हणून सोडायचंच असेल, तर या घरात मला रोज एक पडतोय... आधी मला सोडा, इथे पाणीही खोल आहे!"