माळ्यावरचा भुगा

...आणि वर त्या भुग्याचे एकतीसशे डॉलर! भुग्याचे हो! जुन्या वर्तमानपत्रांचा करडा भुगा, घरातली ऊब टिकावी म्हणून तो नळीने माळ्यावर फुंकायचा, गुडघ्याएवढा थर घालायचा आणि पुन्हा जन्मात तिकडे फिरकायचं नाही. म्हणजे जी वर्तमानपत्रं मी पैसे देऊन वाचली आणि रद्दीत फुकट घातली, तीच दळून मला परत विकली! तक्रार नाही हं माझी. आम्ही डुलुथची, या उत्तरेकडच्या गारठ्यातली माणसं तक्रार करत नाही. नुसतं सांगतो.

तुम्हाला सांगतो, आमच्या गल्लीत माणसाची पत छपरावरून ठरते. बर्फ पडला की ज्याच्या छपरावर तो टिकतो, त्याचा माळा भरलेला, तो शहाणा. ज्याच्या छपरावरचा वितळून घरंगळतो, तो घरातली ऊब आभाळात सोडतोय, तो मूर्ख. माझं छप्पर भर डिसेंबरात काळंकुळकुळीत! शेजारचा ऑर्विल फावडं टेकवून रोज विचारायचा, "काय प्रोफेसर, देवाचे पाय शेकून झाले का?" आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलंय हो मी! आणि आमची मार्गिट... ती घरात कोट घालून बसायची, हातमोजे घालून पत्ते खेळायची आणि म्हणायची, "हॅल्वर, तुझ्या डोक्यावर केस टिकत नाहीत, घरावर बर्फ टिकत नाही. टिकले ती मी एकटी. यंदा माळा भरला नाहीस ना, तर मी चालले ॲरिझोनाच्या उन्हात बहिणीकडे." चेष्टा नव्हती हो ती, तिकिटांचे दर बघून ठेवले होते! ती गेली तर? मला धड अंडं उकडता येत नाही. आणि अंड्याचं सोडा, बोलायचं कोणाशी? तुमच्याशी? तुम्ही काय रोज येणार आहात?

म्हणून माणूस बोलावला. ट्रॅव्हिस. टेक्सासचा. इथेच चुकलं... किंवा माझंच चुकलं असेल, काही सांगता येत नाही. तो म्हणाला, "बघा काका, चोवीसशे होतात, पण तुमचं वय बघून तीनशे सोडतो." मी म्हटलं, "छे छे, कशाला!"

आता आमच्याकडे काय आहे, पहिल्याच खेपेला हो म्हणणं म्हणजे हावरटपणा. दुसऱ्या खेपेलाही नाहीच म्हणायचं, फक्त जरा हळू. तिसऱ्यांदा आग्रह झाला की, "बरं बुवा, तुमचं मन कशाला मोडू!" कॉफी अशीच घेतो, केक असाच खातो, मी लग्नाचं विचारलं तेव्हा मार्गिटनेसुद्धा असंच केलं! आणि हा टेक्सासचा प्राणी म्हणतो, "बरं, नको तर नको!" पहिल्याच नाहीला! मी आपला तोंड उघडं ठेवून पुढच्या आग्रहाची वाट बघतोय, तर हा शिडीवर चढलासुद्धा. वरून ओरडला, "काका, आधी फटी बुजवायला लागतील, उंदरांचं साफ करायला लागेल, सातशे वर! घाई नाही, विचार करून उद्या सांगितलंत तरी चालेल." मी म्हटलं, "नाही नाही, तुमचा खोळंबा कशाला?" तक्रार नाही हं माझी!

मशीन दिवसभर घरघरलं. खोकून खोकून माझी फुप्फुसंही भरली, त्याचे वेगळे लावले नाहीत, तेवढी माणुसकी. संध्याकाळी ऑर्विल म्हणाला, "किती पडले?" मी सांगितलं. तो फावड्यावर ओणवा होऊन हसला. "अरे विद्वाना, दुकानात भुग्याच्या गोण्या घेतल्या की मशीन फुकट वापरायला देतात! आपण दोघांनी दुपारभरात उरकलं असतं. मला विचारायचंस तरी!" विचारायचं कसं? आमच्यात विचारत नाहीत!

पण तुम्हाला सांगतो, त्यानंतर बर्फ पडला... आणि टिकला! पांढराशुभ्र, दुलईसारखा! मार्गिट अंगणात उभी राहून वर बघत होती. डोळ्यांत पाणी हो तिच्या! म्हटलं, एकतीसशे वसूल! माझा हात हातात घेऊन म्हणाली, "हॅल्वर, आज माझा जीव भांड्यात पडला. इतकी वर्षं वाटायचं, या गारठ्यात तुला टाकून कशी जाऊ? थिजून मेला असतास. आता घर उबदार झालं. आता मी निवांत जाते बहिणीकडे. मे महिन्यात येईन."

मी तर्क लावून बघितला. एकही चूक सापडली नाही!

कपडे भरता भरता म्हणाली, "तू पण येतोस का?" मी म्हटलं, "छे छे, तुम्हा बहिणींमध्ये मी कशाला!" ती म्हणाली, "अरे, चल ना." मी म्हटलं, "नको गं, उगाच त्रास." जरा हळूच म्हटलं. आणि मग उभा राहिलो. तिने माझ्याकडे बघितलं... चांगलं निरखून बघितलं हं... आणि बॅगेची चेन ओढली. सर्रर्र!

ती टेक्सासची असती तर मी समजलो असतो. पण ही इथलीच हो, आमच्या गल्लीत वाढलेली!

तक्रार नाही हं माझी. घर असं उबदार झालंय म्हणता... अंगात कोट लागत नाही.