सातचा उंचवटा

दवाखान्यात माझा नंबर यायला वेळ होता. मागच्या बाकावर एक म्हातारे सुतार आणि त्यांची मुलगी बसली होती.

“बाबा, तुमच्या मनगटावरच्या पट्ट्याने महिनाभर ठोके मोजले ना, ती नोंद मीच साफ केली. आमच्या ऑफिसात मशीनला शिकवायच्या आधी आलेखाच्या रेषेची थरथर काढून ती गुळगुळीत करतात.”

“म्हणजे रंधाच मारतेस. सुताराची लेक शोभतेस खरी.”

“पण जवळजवळ रोज संध्याकाळी सातला ठोके वाढलेले दिसले. पट्टा सैल झाला असेल, म्हणून मी तो उंचवटा काढून टाकला.”

“पट्टा घट्ट होता.”

“मग सातला करता काय? जिना चढता?”

“या गुडघ्यांनी? खुर्चीत बसलेला असतो.”

“बसून ठोके वाढतात होय?”

“फोन वाजेल असं वाटतं.”

“अहो, मी रविवारी करते ना सातला!”

“करतेस की. एकही चुकवला नाहीस.”

“पण रविवारी तर उंचवटा नव्हताच. रेषा अगदी सपाट होती.”

“रविवारी तू करणार हे ठाऊक असतं.”

मागे मुलीने नाक ओढलं.

“रडतेस काय, वेडे? लोक बघतायत.”

“मी डॉक्टरांना मूळ रेषा दाखवते.”

“नको. उगाच गोळी वाढवतील. रंधा मारलास तो बरा मारलास.”

“बाबा...”

“एकोणीस नंबर!” आतून हाक आली.

“चल, ऊठ. आणि डॉक्टरांनी बघायच्या आधी हा पट्टा जरा सैल कर.”