सहा बायका, सात सावल्या

आजच्या या सोहळ्याचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे चिटणीस माननीय श्रीमंतराव पालवे, नगरहून एवढ्या उन्हाचे आलेले प्रमुख पाहुणे, आपले मुख्याध्यापक कानिफनाथ गर्जे सर, आज ज्यांना आपण निरोप देत आहोत ते आपले चित्रकलेचे शिक्षक गहिनीनाथ दहिफळे सर, माझे सहकारी, जमलेले गावकरी आणि माताभगिनी, आणि शेवटच्या बाकांवर बसून पेढ्यांच्या पुड्यावर नजर ठेवणाऱ्या माझ्या विद्यार्थी मित्रांनो,

माझ्याआधी पाच वक्ते बोलले. सरांचे गुण सांगून संपले आहेत. आदरणीय मुख्याध्यापकांनी तर एकट्याने चाळीस मिनिटं गुणच सांगितले, माझ्यासाठी एकही शिल्लक ठेवला नाही. पण मला त्याची चिंता नाही. परवा दहिफळे सर माझ्या घरी आले आणि म्हणाले, “कुलथे, गुण सांगणारे पुष्कळ हायेत. तुमी माझी चूक सांगा. जाताना ती माझ्या तोंडानं सांगवायची न्हाई.” मी म्हणालो, सर, निरोपाच्या सभेत चूक कोण सांगतं? ते म्हणाले, “मग कवा सांगायची?” तेव्हा मी कबूल झालो. ज्या मुलीची ही गोष्ट आहे तिची परवानगी मी घेतली आहे. ती याच सभागृहात, मुलींच्या बाजूला बसली आहे.

आधी एक खुलासा. मी राधाकृष्ण कुलथे, शास्त्राचा शिक्षक. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. अमावास्येला मी मुद्दाम दाढी करतो. हे लक्षात ठेवून पुढचं ऐकावं.

गेल्या वर्षीच्या, म्हणजे बहात्तरच्या स्नेहसंमेलनाची गोष्ट. अध्यक्षमहोदयांच्या जावईबापूंनी परदेशातून एक लहानसा सिनेमाचा कॅमेरा आणला होता, तो त्यांनी मोठ्या मनाने शाळेला वापरायला दिला. त्याबद्दल त्यांचे आभार मानतो आणि कॅमेऱ्याच्या झाकणाला पडलेल्या चिरेबद्दल आज जाहीर माफी मागतो. रीळ एकच होतं, साडेतीन मिनिटांचं. अकरावीतल्या बन्सीच्या डोक्यातून निघालं की गाण्याचा सिनेमा करू. पडद्यावर चित्र हलेल आणि शेजारी ग्रामोफोनवर रेकॉर्ड वाजेल. नाटकं काय, दरवर्षीच होतात!

गाणं कोणतं? इथे मनकर्णा पुढे आली. नववीतली मुलगी, वर्गात कधी तोंड न उघडणारी. तिने ओढणीखालून एक रेकॉर्ड काढली. साठ साली एका कंपनीची माणसं आपल्या भागात येऊन सोंगणीची, म्हणजे पीक कापतानाची, गाणी भरून घेऊन गेली होती, त्यातली ही एक भलरी. गाणाऱ्या प्रत्येक बाईला कंपनीने एकेक रेकॉर्ड दिली. मनकर्णाची आई चांगुणा त्यांच्यातली एक. रेकॉर्ड छापून आली तेव्हा चांगुणा कारखान्याच्या पट्ट्यात ऊसतोडीला गेलेली होती आणि तिथल्या पाचटाच्या कोपीत तापाने वारली होती. मनकर्णा तेव्हा दोन-अडीच वर्षांची. आईचा दुसरा फोटो नाही. घरी रेकॉर्ड वाजवायचं यंत्रही नाही. तेव्हा या पोरीने बारा वर्षं ती रेकॉर्ड ऐकली नाही, नुसती पाहिली. कव्हरवर फोटो होता. विहिरीच्या बाजूला, ज्वारीच्या रानात ओळीने उभ्या बायका, हातात विळे. आजी कडूबाईंना डोळ्यांनी दिसत नाही. त्यांनी एवढंच सांगितलं होतं, “तुजी आई हाय त्यात.” मनकर्णाने आपल्या मनाने डावीकडून तिसरी बाई धरली होती. रोज तिच्याशी बोलायची म्हणे.

आता सरांची शिकवण्याची रीत इथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. चित्र समोर आलं की ते अर्थ विचारू देत नसत. म्हणत, “अर्थ मागनं. आधी मोजा.” गाण्याचा सिनेमा काढायचा तर आधी कव्हर समजलं पाहिजे, असा मुलांनी हट्ट धरला. त्या दिवशी सर नको नको म्हणत होते. कव्हर हातात घेतल्यापासून त्यांचा चेहरा उतरलेला होता, हे मी पाहिलं, पण मला वाटलं पित्त असेल. शेवटी बन्सीने कव्हर फळ्याला टेकवून उभं केलं. मुलं मोजायला लागली. विळे सहा. पेंढ्या अकरा. विहिरीचा काठ एक. बायका सहा.

मनकर्णा म्हणाली, “सावल्या सात हायेत.”

वर्ग हसला. मीही हसलो, हे मी आज सांगितलं पाहिजे. पोरीला मोजता येत नाही असं मी म्हणालो, आणि मग स्वतः जवळ जाऊन मोजल्या. सात होत्या. ओळीच्या उजव्या टोकाला, जिथे नुसती ज्वारी उभी होती, तिथून कापलेल्या रानावर एका बाईची सावली पडली होती. पदर होता, हातात विळा होता. सावली पडायची तर उजेडाच्या वाटेत काहीतरी उभं लागतं, हे मी सातवीच्या वर्गाला शिकवतो. मी मुलांना सांगितलं, छपाईचा दोष असेल. सरांनी खडू ठेवला आणि निघून गेले.

तरी काम पुढे गेलं. मुलांनी वहीत चौकटी आखल्या. गाण्याच्या कोणत्या ओळीला कोणतं चित्र, किती सेकंद, कोण कुठून चालत येणार, सगळं पेन्सिलीने. शेवटची चौकट कव्हरसारखीच ठरली: सहा मुली ओळीने, हातात विळे. गोजरबाई खेडकरांनी आपलं रान दिलं. त्या साली पीक गुडघ्याला लागत होतं, तेही द्यायला मन लागतं. गोजरबाई, तुमचे उपकार आम्ही विसरलेलो नाही.

नगरच्या पाहुण्यांसाठी सांगतो. सोंगणीला प्रत्येक बाईच्या वाट्याला रानाचा एक पट्टा येतो, त्याला आमच्याकडे पात म्हणतात. जिची पात तिने कापायची, दुसरीच्या पातीत विळा घालायचा नाही. मुली सहा, तेव्हा गोजरबाईंनी सहा पाती लावून दिल्या. दुपारचे चार वाजले होते, लख्ख ऊन होतं, आणि कॅमेरा माझ्या हातात होता. रीळ वाचवायचं म्हणून थोडं घेतलं, थांबलो, बांधावर सगळ्यांनी चहा घेतला, पुन्हा थोडं घेतलं. काम झाल्यावर गोजरबाई रानात उतरल्या आणि उभ्याच राहिल्या.

“गुर्जी,” त्या म्हणाल्या, “पोरी सहा आन पाती सात कशा झाल्या वो?”

मी म्हणालो, शाळेतली मुलं आहेत, विळा धरायची सवय नाही, वाकडं कापलं असेल. त्या म्हणाल्या, “वाकडं न्हाई. ही बगा, ह्या सगळ्यात चांगली कापलीय. बुडापासनं. पोरीच्या हातची न्हाई ही.” उजव्या टोकाची पात होती. मी मुलींना विचारलं. कुणीच कापली नव्हती. मनकर्णा त्या टोकाला होती. ती म्हणाली, “च्या पिताना माज्या पातीशेजारनं विळ्याचा आवाज येत हुता. मला वाटलं दुसरी कुनी आसंल.”

रीळ मुंबईहून धुऊन आलं. मी ते अकरा वेळा चालवून पाहिलं. पडद्यावर मुली सहा, सावल्या सहा. मी हुश्श केलं. पण चहाच्या आधीच्या तुकड्यात ती सातवी पात उभी आहे आणि चहानंतरच्या तुकड्यात आडवी आहे. मधल्या वेळात आम्ही सगळे बांधावर होतो. मला यावर काही सांगता येत नाही. नाही सांगता येत, एवढंच खरं.

रीळ पाहिलं त्याच संध्याकाळी सर माझ्याकडे आले आणि त्यांनी सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी मनकर्णाला वर्गाबाहेर बोलावून तिलाही सांगितलं. मी शेजारी उभा होतो. साठ साली कंपनीने ते कव्हर तयार करायचं काम याच आपल्या सरांना दिलं होतं. नाव लिहायचं, फोटोवर ब्रश फिरवून तो उठावदार करायचा. फोटोत बायका सात होत्या. सात बायका, ओळीने, आणि मागे विहीर. आता मला सांगा, आपल्याकडची कोणती बाई असलं चित्र घरात ठेवील? पाण्यात राहणाऱ्या साती आसरा म्हणून हात जोडील आणि विहिरीत सोडून येईल. कंपनीच्या साहेबाला हे कळणारं नव्हतं, सरांना कळत होतं. त्यांनी टोकाची बाई ब्रशने पुसली आणि तिच्या जागी ज्वारी रंगवली. सावली पुसायची राहिली.

“कोन हाय ती मला म्हाईत नव्हतं, बाळ,” सर मनकर्णाला म्हणाले. “टोकाला हुती म्हनून पुसली. बाकी काई कारन न्हाई.”

मनकर्णाने एकच विचारलं. “मग तिसरी कोन?”

तिसरी राहीबाई होती, शेजारच्या वाडीची. तीही आता नाही. सरांनी कव्हरवरच्या सहाही जणींची नावं गावात विचारून घेतली होती, त्यांत चांगुणा नव्हती. मला त्या क्षणी तुमचा राग आला होता, सर, आणि तुमची दयाही आली होती. आज दोन्ही कबूल करतो.

मी कंपनीला पत्र लिहिलं. चार महिन्यांनी मूळ फोटोची प्रत आली, ब्रश न लावलेली. सात बायका. सातवीचा पदर, बांगड्या, विळा, पायातली जोडवी, सगळं स्वच्छ. चेहरा मात्र नाही. तिथे नुसता पांढरा डाग. फोटो घेताना मान हलली की असं होतं, यात काही चमत्कार नाही. मी सरांना तसंच सांगितलं. सरांनी ती प्रत उजेडात धरून पाहिली.

“कुलथे, मी पुसली तवा चेहरा हुता. सरळ बघत हुती. पुसायचं म्हंजी आदी नीट बघावं लागतं. तीन दिवस मी तिच्याकडं बघत हुतो.”

म्हणजे फोटोतला तो चेहरा आता एकाच माणसाच्या डोळ्यांत शिल्लक होता, आणि तो माणूस हे गाव सोडून जाणार होता. सरांनी काढायला सुरुवात केली. दहा महिने काढत होते. दुष्काळात गावाला पाणी मिळेना आणि हे रंग कालवायला तांब्याभर बाजूला ठेवतात, म्हणून लोक बोलले. बोलणारांमध्ये मी होतो. किती कागद फाडले याची गणती नाही. गेल्या महिन्यात चित्र पुरं झालं. मी पाहिलं आहे. मोठ्या कागदावर एका तरुण बाईचा चेहरा. त्या खोलीत मी जिथे जिथे उभा राहिलो तिथे तिथे तो मला माझ्याकडे बघतोय असं वाटेना. तो फक्त सरांकडे बघत होता. डोळे समोर काढले की ते सगळीकडे बघतात, हा नियम आहे. इथे तो लागू झाला नाही.

सरांनी मनकर्णाला बोलावलं. तिने चित्र वरपासून खालपर्यंत, मोजावं तसं पाहिलं. मला वाटलं रडेल. सरांनाही तसंच वाटलं असावं, कारण त्यांनी पाण्याचा पेला भरून ठेवला होता. शेवटी ती हळू आवाजात म्हणाली, “सर, हिला मी वळखत न्हाई. मी बारा वर्सं तिसरीला आई म्हनलेय. माजी आई तीच.” सरांना वाकून नमस्कार केला आणि आपलं कव्हर छातीशी धरून गेली. बाळ मनकर्णा, तू काही चुकलीस असं इथल्या कुणाच्याही मनात नाही. तू रडू नकोस.

सर उद्या सकाळच्या गाडीने नगरमार्गे अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या बाजूला आपल्या भाचीकडे कायमचे राहायला जात आहेत. आमच्या वाट्याला टँकर, त्यांच्या वाट्याला धरण! त्यांच्यासोबत जागा राखायला काल मी स्टँडवर गेलो होतो. सरांनी खिडकीतून दोन जागा मागितल्या. मी म्हणालो, सर, बरोबर कोण आहे? ते म्हणाले, “कागद मोठा हाय. घडी घालायची न्हाई.” मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “पोरीनं न्हाई म्हनल्यावर हिला दुसरं हाय कोन?”

सर, तुम्ही एक चूक केलीत आणि ती बारा वर्षांनी स्वतः उचलून खांद्यावर घेतलीत. आमच्यातले बहुतेक जण चुका करून पेन्शन घेतात. तुम्हाला निरोगी आयुष्य लाभो.

अध्यक्षमहोदयांनी मला दहा मिनिटं दिली होती, मी वीस घेतली, त्यांनी घड्याळ दाखवलं नाही याबद्दल त्यांचे आभार. आपण सर्वांनी गर्मीत शांतपणे ऐकून घेतलं, त्याबद्दल आपलेही. घाईत कुणाचा उल्लेख करायचा राहिला असेल, कुणाचा मान कमी-जास्त झाला असेल, तर मोठ्या मनाने पोटात घालावं. पुढच्या रांगेत सरांशेजारची खुर्ची मघापासून कुणी घेतलेली नाही, गर्दी असूनही. मी शास्त्राचा माणूस आहे आणि तरीही तिकडे बघून म्हणतो, चांगुणाबाई, आपणही आम्हाला क्षमा करावी.